आप्पांनी ड्रॉप बंद केले. आता त्यांचा फोन काढून घेऊ का?

पत्र, थोडक्यात

पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय ६९. आईसोबत कराडजवळच्या गावी असतात. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांना काचबिंदू (बहुतेकदा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे नजरेची नस खराब करणारा रोग) असल्याचं निघालं आणि दोन ड्रॉप सुरू झाले, एक सकाळ-संध्याकाळ, दुसरा रात्री झोपताना. सहा महिन्यांपूर्वी आप्पांना मोबाइलवर एक रील दिसलं : ‘काचबिंदूचे ड्रॉप जन्मभर गळ्यात मारतात, आमचा अर्क तीन महिने घाला आणि मोकळे व्हा.’ आप्पांनी २,४०० रुपयांची बाटली मागवली, रीलमधल्या सांगण्याप्रमाणे शीर्षासन सुरू केलं आणि डॉक्टरांचे ड्रॉप बंद केले. कुणाला सांगितलं नाही. मागच्या महिन्यात तपासणीत डोळ्यांचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, २८ आणि २६ निघालं, तेव्हा सगळं उघड झालं. डॉक्टर रागावले. ‘डॉक्टर आणि मेडिकलवाले एकाच माळेचे मणी’ असं म्हणत आप्पा घरी परतले. मुलाने चिडून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या अर्काचं पितळ उघडं पाडणाऱ्या लिंक टाकल्या आणि वर लिहिलं, ‘जाणत्या माणसांनी तरी असल्या थापांना भुलू नये.’ काकांनी हसणारा इमोजी टाकला. आप्पांनी ग्रुप सोडला. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं आईमार्फत चालतं. वाचकाच्या पत्नीचं म्हणणं, स्मार्टफोन काढून घ्या, साधा बटणांचा फोन द्या. वाचक विचारतात : तसं करू का? आप्पांना पटवू कसं? आणि त्या विक्रेत्याला उघडं पाडणारा व्हिडिओ मीच टाकला तर?

सल्ला

तुम्ही पत्रात जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे. हल्ली जेवताना आप्पांचा हात डावीकडच्या तांब्याला लागतो, पाणी सांडतं, आई कुरकुरते. तुम्ही ते वयावर ढकललं आहे. वयच असेल कदाचित. पण काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. असा माणूस पेपर वाचतो, येणाऱ्या गाडीची पाटी लांबून वाचतो आणि म्हणतो, मला सगळं स्वच्छ दिसतं. दिसतंच असतं, समोरचं. कडेचं काय गेलं ते मेंदू परस्पर भरून काढतो, त्यामुळे काही हरवल्याचं कळतच नाही. आणि डोळ्याच्या नसेचं एकदा झालेलं नुकसान भरून काढणारा ड्रॉप, लेझर, ऑपरेशन किंवा अर्क आज कुणाकडेही नाही. उरलेली नजर राखता येते, एवढंच.

म्हणून पटवणं, फोन, व्हिडिओ हे सगळं नंतर. तुमच्या पत्रात मी एक वाक्य शोधत होते, ते सापडलं नाही : ड्रॉप पुन्हा सुरू झाले का? प्रेशर वाढलेलं निघालं, डॉक्टर रागावले, ग्रुपवर भांडण झालं, आप्पा रुसले, हे सगळं आहे. डोळ्यात सध्या काय पडतंय, हे नाही. आजच आईला फोन करून विचारा. ड्रॉप बंद असतील तर उद्या डॉक्टरांकडे फोन लावा आणि तेच सुरू करायचे की बदलायचे ते विचारा. कपाटात उरलेली जुनी, उघडलेली बाटली मात्र वापरू देऊ नका. बहुतेक ड्रॉपची बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरातच संपवायची किंवा टाकून द्यायची असते. फील्ड टेस्ट, म्हणजे ते भांड्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायचं मशिन, पुन्हा करून दोन वर्षांपूर्वीच्या कागदाशी ताडून बघा, अशी विनंतीही करा. मधल्या काळात काही गेलं का, ते त्यातून कळेल.

आता फोनबद्दल. तुम्ही असं धरून चालला आहात की आप्पा ड्रॉप नीट घालत होते आणि रीलने त्यांना बिघडवलं. मी बरीच वर्षं एका नेत्ररुग्णालयात समुपदेशक म्हणून काम केलं. स्मार्टफोन हातात येण्याच्या आधीपासून लोक काचबिंदूचे ड्रॉप बंद करत आले आहेत. कुणी लग्नाला गेलं आणि बाटली घरी राहिली, कुणाची पेन्शन यायला आठवडा होता, कुणाला शेजारणीने सांगितलं की ते औषध गरम पडतं. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. औषध मात्र रोज झोंबतं. रात्री घालायचे जे ड्रॉप सर्रास दिले जातात, त्यांनी डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडते. दुसरं एक नेहमीचं औषध दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतं, नाडी मंदावू शकतं. आणि एवढं सोसून हाती काय लागतं? काही नाही. चष्म्याचा नंबर उतरत नाही, नजर सुधारत नाही. ड्रॉपने काम केलं याचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं. कुठल्याही सरळ माणसाला वाटेल की आपण उगाच पैसे घालवतोय.

तेव्हा रील येण्याआधीच आप्पांच्या मनात ड्रॉप अर्धे बंद झाले असतील, अशी दाट शक्यता आहे. रीलने फक्त परवानगी दिली.

शिवाय ते रील कसं बोलतं तेही बघा. मराठीत बोलतं, सावकाश बोलतं, ‘काका’ म्हणतं. डोळ्याचं मोठ्ठं चित्र दाखवून त्यावर लाल बाण मारतं. ‘तुम्हालाही ड्रॉप झोंबतात ना?’ असं विचारतं. आप्पांना गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला होता? डॉक्टरांच्या ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही फोनवर विचारत असाल, ‘ड्रॉप घालताय ना?’ त्यावर आप्पांचं ‘हो’ यायचं आणि विषय संपायचा. खोटं बोलणाऱ्याने विचारपूस केली आणि खरं बोलणाऱ्यांनी हजेरी घेतली, असं झालं हे.

आणि त्यात तो ग्रुप. तुम्ही टाकलेल्या लिंक बरोबरच असतील. पण पुतणे, भाचे, सुना, जावई असलेल्या ग्रुपवर बापाला खोटं पाडलं, की नंतर मुद्दा डोळ्यांचा उरत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर भरल्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून वाद निस्तरले, त्याला चारचौघांत कोण हरलं आणि कोण जिंकलं हे बरोबर कळतं. आता ड्रॉप पुन्हा घालणं म्हणजे तुमच्यापुढे मान तुकवणं झालं आहे. ही गाठ तुम्हालाच सोडवावी लागेल, आणि ती आईमार्फत सुटणार नाही. ग्रुपवर एक ओळ लिहा, ‘आप्पांबद्दल मी इथे तसं लिहायला नको होतं.’ बस. त्याखाली ‘पण’ नको, लिंक नको, औषधाचं नाव नको. आप्पा ग्रुपवर नसले तरी काका त्यांच्यापर्यंत पोचवतील; इमोजी पोचला तसंच हेही पोचेल. मग सुट्टी काढून कराडला जा.

गेल्यावर पहिल्या दिवशी रोगाचं नाव काढू नका. रात्री ड्रॉप घालायच्या वेळी मात्र शेजारी बसा आणि ते कसे घालतात ते नुसतं बघा. मध्ये बोलू नका. माझा अनुभव असा की अर्ध्याअधिक घरांत पहिल्यांदाच कुणीतरी हे बघत असतं. मान पुरेशी मागे जात नाही, हात थरथरतो, पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा कुठेतरी आत. बाटलीचं टोक पापणीला घासतं. महिन्याची बाटली अठरा-वीस दिवसांत संपते आणि मग ‘मेडिकलवाले लुटतात’. नीट पद्धत अशी : खुर्चीत बसायचं किंवा सरळ आडवं व्हायचं, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून खोबणीसारखी करायची, वर बघायचं, एकच थेंब टाकायचा. डोळा मिटायचा, पापण्यांची उघडझाप करायची नाही. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. त्याने औषध नाकातून घशात उतरत नाही, कडवट चव येत नाही आणि दम, नाडी यांच्यावरचे परिणामही कमी होतात. दुसरा ड्रॉप असेल तर पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. हात फारच थरथरत असेल तर आईने घालावेत. पण आईच्याही डोळ्यांची तपासणी झाली आहे का, ते विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी म्हणा, ‘आप्पा, ते रील मलाही दाखवा.’ आणि खरंच बघा, शेवटपर्यंत, तोंड वाकडं न करता. नंतर विचारा की यात कुणी कुणाचं प्रेशर मोजलेलं दाखवलं का? माणूस कोण, राहतो कुठे, शिकला काय, हे सांगितलं का? उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या. मग फाइल काढा. एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहायला त्यांनाच सांगा : रोग निघाला त्या दिवशीचं प्रेशर, ड्रॉप चालू असतानाचं प्रेशर आणि अर्क चालू असतानाचं प्रेशर. तारखांसकट. ज्यांनी इतकी वर्षं ट्रिपमागून ट्रिप वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलं, त्यांना आकडे काय सांगतात ते तुम्ही समजावून सांगायची गरज नाही. हिशेब कुठे तुटला ते त्यांना तुमच्याआधी दिसेल.

एक शंका ते नक्की काढतील. ‘ड्रॉप चालू असताना प्रेशर नॉर्मल होतं, मग गरज काय?’ नॉर्मल प्रेशर साधारण १० ते २१ धरतात, आणि आप्पांचं त्यात होतं ते ड्रॉपमुळेच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांचंही असंच असतं, आणि गावात अशी दहा माणसं आप्पांच्या ओळखीची असतील. शिवाय काही जणांना २१ च्या आतल्या प्रेशरलाही काचबिंदू होतो, म्हणून कुणाचं किती असावं ते डॉक्टर नस बघून ठरवतात. नुसता आकडा ऐकून खूशही व्हायचं नाही आणि घाबरायचंही नाही.

फोन काढून घेऊ नका. पहिलं कारण, उपयोग नाही. चौकातल्या पाराखाली बसलेल्या प्रत्येकाच्या हातात तोच फोन आहे आणि त्यावर तीच रीलं. दुसरं कारण, त्या फोनवर त्यांचे निवृत्त सहकाऱ्यांचे ग्रुप आहेत, कीर्तनं आहेत, तुमच्या मुलांचे फोटो आहेत. ६९ व्या वर्षी एवढं काढून घेतलं तर ती शिक्षाच झाली, आणि शिक्षा झालेला माणूस ड्रॉप घालत नाही. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं : हाच फोन कामाला लावता येतो. सकाळ-संध्याकाळ-रात्रीचा गजर लावा आणि त्याला त्यांच्या आवडीचा अभंग ठेवा. चालू ड्रॉपच्या बाटल्यांचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, म्हणजे मेडिकलमध्ये ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला पाठवून खात्री करता येईल. ड्रॉप कसे घालायचे याचे मराठी आणि हिंदी व्हिडिओ मोठ्या नेत्ररुग्णालयांनी टाकलेले आहेत. दोन निवडून त्यांच्या फोनवर ‘सेव्ह’ करून द्या.

रीलं का येत राहतात तेही त्यांना दाखवा. त्या फोनला काचबिंदू म्हणजे काय ते कळत नाही, आप्पा कशावर थांबले एवढंच कळतं. एक शेवटपर्यंत पाहिलं की तसलीच पन्नास येतात, आणि मग माणसाला वाटतं, ‘सगळेच सांगतायत म्हणजे खरं असणार.’ त्यांच्यासमोर बसून अशा चार रीलांवर ‘नको’ करा, हिस्ट्री पुसा. पुढच्या काही दिवसांत काय बदलतं ते त्यांनाच बघू द्या. माझ्या ओळखीच्या एका आजींना हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम पुरणपोळीचे व्हिडिओ बघून फोनला वळण लावलं होतं.

तुमच्यासारखी पत्रं मला इतर घरांतूनही येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी लिहिते. डोळ्यांविषयीचा व्हिडिओ खरा की खोटा, हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. ‘ऑपरेशनशिवाय’, ‘कायमचा’, ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’ यांतलं काही ऐकू आलं आणि खाली ऑर्डरचं बटण दिसलं, तर ती जाहिरात आहे. भारतात १९५४ पासून औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा आहे. ज्या रोगांवर इलाज करण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करायलाच मनाई आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू हे तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे आप्पांनी पाहिलेलं रील औषधाच्या गुणदोषांपर्यंत जायच्या आधीच बेकायदा ठरतं. आप्पा सरकारी नोकरीतले नियम पाळणारे असतील तर हा मुद्दा त्यांना कुठल्याही वैद्यकीय लेखापेक्षा लवकर पटेल.

बरं, गडबड फक्त अर्क विकणारेच करतात असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘प्रेसवू’ नावाच्या ड्रॉपची बातमी आठवते? ‘वाचायचा चष्मा सुटणार’ म्हणून ती दोन दिवस प्रत्येक ग्रुपवर फिरत होती. त्या ड्रॉपला मंजुरी होती, आतलं औषधही जुनं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक असलेलं होतं. पण मंजुरीत नसलेले दावे प्रचारात केले म्हणून केंद्रीय औषध नियामकांनी त्याच महिन्यात परवानगी स्थगित केली. ती दुसरी बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का? माझ्या ग्रुपवर तरी नाही. पहिली मात्र अजून अधूनमधून येते.

डॉक्टरांच्या नावाने बोलणारा माणूस दिसला तर त्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतं. वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. अलीकडे नावाजलेल्या डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज वापरून बनावट व्हिडिओही निघतात, त्यामुळे चेहरा ओळखीचा आहे एवढ्यावर जाऊ नका. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना लागू : जे निर्जंतुक नाही ते डोळ्यात जाणार नाही. मध नाही, कांद्याचा रस नाही, गुलाबपाणी नाही, आईचं दूध नाही, आणि मध्यंतरी ज्याचा व्हिडिओ फार फिरला ते मूत्र तर नाहीच. यातून बुबुळावर जखम होऊन ती चिघळली तर काचबिंदूने जेवढी नजर जायला वर्षं लागतात, तेवढी काही दिवसांत जाऊ शकते.

आयुर्वेदावर मात्र आप्पांशी वाद घालू नका. त्यांचा विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे घेऊन जा आणि डॉक्टरांचे ड्रॉप चालू आहेत हे त्यांना स्पष्ट सांगा. भांडण आयुर्वेदाशी नाही, ड्रॉप बंद करायला लावणाऱ्याशी आहे. शीर्षासन मात्र ताबडतोब थांबवायला हवं. डोकं खाली, पाय वर या स्थितीत डोळ्यांचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे अर्काने ड्रॉप बंद केले आणि आसनाने प्रेशर वाढवलं. सर्वांगासनासारखी उलटी आसनंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. फिरायला जाणं उत्तम. प्राणायाम करत असतील तर श्वास जोराने कोंडून धरू नये.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तुम्ही सोबत जा आणि आप्पांची तक्रार त्यांच्या तोंडून मांडली जाईल असं बघा. ‘झोंबतात’, ‘महाग पडतात’, ‘दोन-दोन बाटल्या जमत नाहीत’, जे असेल ते. याच्यावर उपाय असतात. दोन औषधं एकाच बाटलीत मिळतात, झोंबणारं औषध बदलता येतं, स्वस्त पर्याय असतो. लेझरबद्दलही विचारा. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘लाइट’ नावाच्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांना ड्रॉपऐवजी आधी लेझर देऊन पाहिलं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : त्यांच्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही ड्रॉपशिवाय आटोक्यात होतं. आप्पांचा काचबिंदू नवा नाही, आणि कोणत्या प्रकारचा आहे ते मला ठाऊक नाही, त्यामुळे त्यांना ते लागू पडेलच असं नाही. पण ‘ड्रॉप जन्मभर गळ्यात’ एवढा एकच रस्ता आहे, हा त्यांचा समज निघून जाईल. रुग्णालयात समुपदेशक असतील तर त्यांच्याशी वीस मिनिटं मागून घ्या. आप्पांनी आधीच्या डॉक्टरांकडे जायला साफ नकार दिला तर डॉक्टर बदला, त्यात कमीपणा नाही. फाइल तेवढी सोबत न्या.

तुमच्या व्हिडिओबद्दल माझं मत नाही असं आहे. तो काढायचा तर आप्पांची गोष्ट सांगावी लागेल, आणि ग्रुपवर चाळीस माणसांसमोर झालं ते चार हजारांसमोर होईल. शिवाय रागाने केलेल्या व्हिडिओमुळे त्या विक्रेत्याचं नाव आणखी लोकांपर्यंत पोचतं. त्यापेक्षा ती बाटली, खोकं, पावती, ऑर्डरचा मेसेज आणि रीलचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. रील जिथे दिसलं तिथेही ‘रिपोर्ट’ करा. आप्पा तयार झाले तर तक्रारीवर सही त्यांची असू द्या. फसलेला म्हातारा आणि तक्रारदार, यांत त्यांना दुसरं नाव आवडेल असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्याबद्दल. पत्राच्या शेवटी तुम्ही आपण मोबाइल किती शहाणपणाने वापरता ते लिहिलं आहे. डोळे लाल झाले की फोटो काढून डॉक्टर मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवता, तो ‘काही नाही’ म्हणतो. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा मेडिकलमधून आणलेला ड्रॉप ‘जबरदस्त’ होता, म्हणून स्क्रीनसमोर डोळे चुरचुरले की अजूनही तोच आणून घालता. मित्र हाडांचा डॉक्टर आहे, हेही तुम्हीच लिहिलं आहे.

फोटो पाठवण्यात चूक नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यांत डॉक्टर अशा माध्यमांवरून सल्ला देऊ शकतात हे मान्य केलेलं आहे. रांजणवाडी, पापणीची सूज, ऑपरेशननंतरची साधी शंका यांना फोटो पुरतो. पण प्रेशर फोटोत दिसत नाही. नस दिसत नाही. डोळा खूप दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, डोकं दुखून उलटी होतेय, नजर अचानक कमी झाली, समोर पडदा आल्यासारखा वाटतोय, तर फोटो काढत बसायचं नाही, गाडी काढायची. चुना किंवा रसायन उडालं तर आधी पंधरा-वीस मिनिटं डोळा वाहत्या पाण्याने धुवायचा आणि मग निघायचं.

आणि तो जबरदस्त ड्रॉप. लाली इतक्या झटक्यात उतरवणारे बरेच ड्रॉप स्टेरॉइडचे असतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय पुन्हा पुन्हा घातले की डोळ्यांचं प्रेशर वाढतं, आणि ज्यांच्या आई-वडिलांना काचबिंदू आहे त्यांच्यात हा धोका जास्त असतो. तसाही काचबिंदू असलेल्याच्या मुलांना आणि भावंडांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असते. चाळिशीनंतर त्यांनी दरवर्षी प्रेशर आणि नस तपासून घ्यावी. हे तुमच्या काकांनाही लागू आहे, इमोजीवाल्या.

आप्पांच्या तपासणीच्या दिवशी तुमचाही केसपेपर काढा. आधी तुमची तपासणी होऊ द्या, आप्पांना शेजारच्या खुर्चीत बसवा, आणि डॉक्टर तुमच्या डोळ्यांत बघून काय सांगतात ते त्यांच्यासमोरच ऐका. मेडिकलमधून आणलेली ती बाटली सोबत न्यायला विसरू नका. तोवर ती वापरू नका.